गभणे सरांच्या टाकीतली काई

घरात खऱ्या झाडांची माशांची टाकी ठेवली की किस्से आपोआप जमत जातात. काईसारखेच, म्हणजे शेवाळासारखेच असतात ते, आज पुसले तर आठवड्यात पुन्हा हजर. आमच्या तिघांकडे तर ढीग आहे.

तिघं म्हणजे मी, विज्या आणि गभणे सर. माझं भंडाऱ्याजवळच्या शहापूरला हायवेवर मेडिकल. विज्याचं भंडाऱ्यात रंगीत माशांचं दुकान. सरांनी आम्हा दोघांना गणितात पास केलं, आणि रिटायर झाले तरी ते विसरू देत नाहीत.

टाकी सरांची, पण हौसेची नाही. सरांच्या बायकोला, मालतीकाकूंना, लकवा झाला. उजवा हात गेला, बोलणं दोन-चार शब्दांवर आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी एक रबरी बॉल दिला आणि बजावलं, हात वापरला नाही तर कायमचा जाईल. काकूंनी बॉल एकदाही दाबला नाही. हातात ठेवला की घरंगळून थेट दिवाणाखाली. दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. विज्याने त्यांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला टाकी आणून लावली, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मान वळवली.

तेव्हापासून त्या टाकीतली झाडं हिरवी ठेवणं हे सरांचं एकच काम होतं. आणि तीन महिन्यांत पानापानावर काई चढली.

*

आधी सर माझ्याकडे आले. जखमा धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि इंजेक्शनची सिरिंज मागितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी काउंटरवर गर्दी होती. एका बाईने काळजीने विचारलं, "गुरुजी, जखम कोठी झाली जी?"

"पानाले," सर म्हणाले आणि बाटली घेऊन निघून गेले.

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी तिची चिठ्ठी मागितली. घरी सर सिरिंजने एकेका पानावर ते औषध थेंबथेंब सोडत होते. सगळी काई गेली. दहा दिवसांनी सगळी परत आली.

*

मग विज्याने अक्कल दिली. झाडं जोमात वाढली की काईला जागा उरत नाही, आणि त्यासाठी पाण्यात कार्बन डायऑक्साइड गॅस सोडावा लागतो. बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट, वरून नळी टाकीत. सरांनी साखरेऐवजी गूळ घातला आणि हात सैल सोडून घातला. दुपारी बाटली फसफसून उतू गेली आणि सगळं आंबलेलं गुळाचं पाणी नळीतून टाकीत उतरलं.

मी पोचलो तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते, सर बादलीने पाणी काढत होते आणि खोलीभर वास सुटला होता. तेवढ्यात शेजारचे दारात आले, नाक वर करून.

"सर, रिटायर झाल्यावर मोहाची दारू काढून राहिले का?"

सर बादल्या उपसत राहिले. काकू खुर्चीतून एकटक माशांकडे बघत होत्या. एक मासा जरी उलटा झाला असता तर काय झालं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तेरा मासे होते, तेराही जगले. काईसुद्धा जगली.

*

गोसीखुर्दकडचा सरांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. धरणात मासेमारी करतो. टाकीपुढे उकिडवा बसून त्याने बराच वेळ पाहिलं.

"सर, आमच्या जाळ्यात हेच झाड अडकते तं आमी शिव्या देतो. अन तुमी त्याले दवाई देऊन राहिले?"

सर चिडले. त्याने पाण्यात बोट घालून वास घेतला आणि जाता जाता म्हणाला, "पानाले कायले मारता? पाण्याले खायले जास्त भेटून राहिलं, म्हून काई येते."

आम्ही तिघं शिकलेले. कोण ऐकतो?

*

खाण्यावरून मग भांडणच झालं. सर माशांच्या खाण्याचा रिकामा डबा घेऊन विज्याच्या दुकानात शिरले.

"रोज सकाळी एक चिमूट टाकतो मी. डबा दोन महिने पुराले पायजे. हा वीस दिवसांत खतम झाला. गणित तुयं चुकलं का मायं?"

"सर, डबा सीलबंद येते. मी कायले काढू?"

"मंग मासे रातच्याले दुकानात येतात का?"

गिऱ्हाईक हसलं. विज्याचा चेहरा पडला. दोघं आठ दिवस बोलले नाहीत आणि मला मध्ये निरोप्या व्हावं लागलं.

*

शेवटी मीच सुचवलं, तीन दिवस पूर्ण अंधार करू. उजेड नाही, खाणं नाही, काई उपाशी मरते. टाकीवर काळी चादर टाकली, खाण्याचा नवा डबा कपाटात ठेवला.

पहिल्या दिवशी काकूंनी मान भिंतीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशी जेवल्या नाहीत. सर मला फोनवर म्हणाले, "पानं वाचवू का हिले वाचवू, सांग." तिसऱ्या दिवशी चादर काढली. पानं लख्ख झाली होती. काकू जेवल्या. सरांनी डबा परत टाकीजवळच्या स्टुलावर ठेवला.

पंधरा दिवसांत काई परत!

*

नवा डबाही भराभर रिकामा होत होता, तेव्हा सरांना खात्री झाली की घरात येणारंच कोणीतरी खाणं काढतंय. दुपारी दोन ते चार सर झोपतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी ते झोपले नाहीत. मला बोलावून घेतलं आणि आम्ही स्वयंपाकघराच्या पडद्याआड उभे राहिलो. सरांना मोलकरणीवर संशय होता, मला शेजाऱ्यावर.

अर्धा तास कोणीच आलं नाही.

मग खुर्ची करकरली. काकूंनी डाव्या हाताने डबा मांडीत घेतला, झाकण काढलं. आणि डावा हात बाजूला ठेवून दिला. उजवा हात मांडीवरून उठला. पडला. पुन्हा उठला. बोटं डब्यात गेली, जुळेनात, जुळली. अर्धं खाणं साडीवर सांडलं, उरलेलं टाकीत पडलं. मासे धावले. काकूंनी हात खाली घेतला, थोडा दम खाल्ला आणि पुन्हा डब्यात घातला. मी मोजत होतो. अकरा वेळा.

सरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस दुखत होतं.

आम्ही मागच्या दाराने अंगणात आलो. सरांनी खिशातून फोन काढला आणि महिनाभरात पहिल्यांदा स्वतःहून विज्याला लावला.

"विज्या, माशायच्या खाण्याचे दोन डबे घेऊन ये. मोठे."

पलीकडून विज्याचा आवाज मलाही ऐकू आला. "सर, अन काईचं काय?"

"तू डबे आन."