उंबऱ्यावरची लाडवांची ताटली

धाकट्या जावेला लग्नानंतर सहाव्या महिन्यात दिवस गेले. मला सात वर्षांत नाहीत. तिचा मला हेवा वाटायचा, आणि तो थोडाथोडका नव्हता. तिच्या सुजलेल्या पायांचासुद्धा वाटायचा.

तिला आई नाही, म्हणून बाळंतपण खालापुरात आमच्याच घरी झालं. डिंकाचे लाडू मी वळायचे. ताटली तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि मागे फिरायचे. आतून ओवा-शेपाच्या धुरीचा वास यायचा.

"ताई, आत या ना," ती म्हणायची.

"हात तुपाचे हायत," मी म्हणायचे. तुपाचे हात धुता येतात, हे तिलाही ठाऊक होतं.

बारसं झालं. पेढे वाटताना बायका बाळाकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होत्या. दुसऱ्याच दिवशी नवरा मोहोपाड्याच्या कंपनीतून पाळी करून आला, त्याने बूटही काढले नव्हते, तेव्हा मी सांगून टाकलं, "उपचार सुरू करायचे. लगेच." तो "बरं" म्हणाला.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंना मात्र घाई नव्हती. तपासण्या दोघांच्याही होतील, म्हणाल्या. त्याने तोंड वाकडं केलं नाही. मग त्यांनी दोघांना एकेक कागद दिला. मूल का हवं? आत्ताच का? किती वेळा प्रयत्न करायचा, आणि नाही जमलं तर कुठे थांबायचं? घरात कुणाला सांगायचं?

"वेगवेगळं लिहा. मग एकत्र बसून वाचा, बोला आणि मगच या," त्या म्हणाल्या.

मी तावातावाने लिहिलं. थांबायचं नाही. कुणाला सांगायचं नाही. पहिल्या प्रश्नापाशी मात्र पेन अडलं. 'मुलं आवडतात म्हणून' असं लिहिलं आणि खोडलं. खरं उत्तर होतं ते लिहायची लाज वाटली. जागा कोरी सोडली.

त्याचा कागद डब्याच्या पिशवीत होता. मला धीर धरवला नाही, काढून वाचला. थांबायचं कधी, तर 'ती म्हणेल तेव्हा.' मूल का हवं, त्यापुढे लिहिलं होतं, 'मला नसलं तरी चालेल. पण हिला धाकटीच्या खोलीत जाता यायला हवं.'

आधी रागच आला. मी कुणाला एक शब्द बोलले नव्हते, आणि याला सगळं दिसत होतं.

संध्याकाळी ताटली घेऊन गेले. "ताई, आत या ना," ती नेहमीसारखी म्हणाली. तुपाचे हात पदराला पुसले आणि आत गेले. बाळाला मांडीवर घेतलं, त्याने माझी साडी ओली केली. तरी हेवा काही गेला नाही.

मग आमच्या खोलीत येऊन कोऱ्या जागेत लिहिलं, 'तिला आहे म्हणून.' कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि खाली बघत उभी राहिले.

त्याने वाचला, परत माझ्याकडे दिला. म्हणाला, "हे मला ठाऊक हाय गं. आता मूल का हवं, ते लिही."