संत्र्याच्या सालींचा धूर

संत्र्याची साल जळली की मला आजही मळमळतं. एवढं गोड फळ, पण आमच्या घरानं त्याची पार माती केली.

मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली वहिनी, वरूडहून नवऱ्याबरोबर उपचारांसाठी आमच्याकडे अमरावतीला आली तेव्हा तिच्या छातीतली गाठ फुटलेली होती. जखमेतून पू वाहायचा. वास असह्य होता, ते मी नाकारत नाही. पण मोठ्या बाबांनी, तिच्या लग्नाच्या नवऱ्यानं, तिला मागच्या पडवीत टाकलं आणि वास दबावा म्हणून दारात शेगडी ठेवून त्या शेगडीवर संत्र्याच्या वाळलेल्या साली जाळायला लावल्या. वरूडच्या आपल्याच बागेतल्या. जेवणाचं ताट लांबूनच सरकवायचं. धोतराचा सोगा नाकाला लावून हा माणूस पाहुण्यांना सांगायचा, देवाची करणी! मला शिसारी यायची ती त्याची.

दवाखान्यात सर्जननं आडपडदा ठेवला नाही. "रोग हाडांत गेलाय. ऑपरेशननं आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही. पण ही जखम काढून टाकता येईल. वास थांबेल."

"जगनारच नाई, त कापता काहून?" मोठे बाबा म्हणाले. बाजारात बैल नाकारावा तसे.

डॉक्टर मोठ्या आईकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

तिला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मले जगाचंच हाये असं नाई म्हनत मी. मले चार मानसांत बसून जेवाचं हाये."

डॉक्टरांसमोर मोठ्या बाबांना नाही म्हणता आलं नाही. ऑपरेशन झालं. टाके सुकले, वास गेला. हाडांतला रोग काही गेला नाही, पुढे काही महिन्यांत तो तिला घेऊनच गेला.

पण दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मोठे बाबा जेवायला बसले होते. पडवीत तिचं ताट वेगळं वाढलेलं, आणि शेगडीवर साली धुमसत होत्या. कशासाठी, विचारा! मोठ्या आईनं तांब्या उचलला आणि शेगडीवर पालथा केला. त्या काळी आमच्यात बाया पुरुषांच्या मागून जेवायच्या. ती सरळ आत गेली, नवऱ्याच्या शेजारी पाट ओढून बसली आणि माझ्या आईला म्हणाली, "वाढ वं."

मोठे बाबा भरल्या ताटावरून उठले. ती पोटभर जेवली.