किसेरूची तंबाखू

अब्बांच्या पाइपचं नाव किसेरू. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये बांबूची नळी, आणि पुढची वाटी इतकी लहान की तिच्यात हरभऱ्याचा दाणा जेमतेम मावेल. जहाजावर नोकरीला असताना त्यांनी तो जपानमधल्या कोबे बंदरात एका म्हाताऱ्या दुकानदाराकडून घेतला. लहानपणी मला ती बाहुलीची चिलीम वाटायची. एवढ्याशा वाटीत माणूस ओढणार तरी काय? अब्बा चिमटीत तंबाखूची गोळी वळायचे, वाटीत ठेवायचे, काडी लावायचे आणि दोन-तीन झुरके घेतले की खलास. मग तळहातावर टक्कन राख झाडायची आणि पाइप परत पिशवीत. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला करायचा, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. मला नसत्या चौकशा फार, असं घरात सगळेच म्हणतात, आणि ते खरं आहे.

आई गेली तेव्हा मी इथे सौदीत, कतीफला होते. माझा नवरा जवळच्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या घरात अब्बा एकटे उरले, कारण मी एकुलती. ते स्वयंपाक करून खात नाहीत, चहा-बटरवर दिवस काढतात, असं शेजारणीने फोनवर सांगितलं. मी लगेच व्हिजिट व्हिसा काढून त्यांना इकडे आणलं. आले ते गुपचूप, पण आठवड्याभरातच त्यांनी धोशा लावला.

"हयची तंबाखू धड नाय. मला घरी पोचव."

त्यांना परत पाठवलं तर ते त्या बंद घरात चहा-बटर खात झिजून जातील, याबद्दल मला शंका नव्हती. व्हिसाची मुदत संपत आली होती. तो वाढवता येत होता, पण त्यासाठी अब्बांनी हो म्हणायला हवं होतं, आणि ते तंबाखूवर अडून बसले होते. मी म्हटलं, ठीक आहे. तक्रार तंबाखूची आहे ना, मग तंबाखू शोधू. डॉक्टरने तंबाखू सोडा म्हणून सांगितलंय, पण दिवसाकाठी चार-दोन झुरक्यांपेक्षा ते रिकामं घर मला जास्त धोक्याचं वाटत होतं.

"पण ती कशी असते ते तर सांगा," मी विचारलं.

"जपानी. केसासारखी बारीक. सुकी. गोडबिड नाय."

बाजारात काच लावलेलं तंबाखूचं दुकान, आत बरण्याच बरण्या. सफरचंद, द्राक्ष, पुदिना. सगळी हुक्क्याची, पाकात बुडवलेली. दुकानदार केरळचा. मी किसेरू दाखवल्यावर त्याने तो उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघितलं. मग मीही बघितलं. आम्हाला दोघांनाही आत काही दिसलं नाही. "बहनजी, अंगूरवाला ले जाओ, सब ले जाते हैं," तो म्हणाला. मी नेला. अब्बांनी डबा उघडून हुंगला आणि म्हणाले, "हा तर मुरांबा हाय." झाकण लावून त्यांनी तो मला परत दिला.

पुढच्या सुटीत नवरा समुद्रावरच्या पुलावरून बहरीनला गेला होता. तिथून त्याने दोखा आणला. ही आखाती लोकांची तंबाखू, सुकी आणि बारीक, आणि तिचा पाइपही किसेरूसारखाच चिमुकला असतो. मी हरखले. म्हटलं, जमलं! अब्बांनी एकच झुरका घेतला. कपाळावर घाम फुटला, डोळे मिटले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सोफा घट्ट धरला. मी पाणी घेऊन धावले. पाणी पिऊन ते म्हणाले,

"आख्ख्या दर्यात कधी बोट लागली नाय गो, ती तुझ्या सोफ्यावर लागली."

नवरा हसून हसून बेजार झाला. मी मात्र घाबरले होते, आणि दोखा कचऱ्यात गेला. मग सिगारेटी मोडून बघितल्या, तर त्यांना कागद जळल्याचा वास येतो म्हणाले. इंटरनेटवर खऱ्या जपानी तंबाखूचं पाकीट सापडलं. फोटो मोठा करून मी अब्बांना दाखवला, पण विकणारा सौदीला पाठवायला तयार नव्हता. प्रत्येक वेळी अब्बांचं उत्तर एकच, "नाय गो, ही नाय." एक गोष्ट मात्र मला खटकायला लागली. नाही म्हणताना ते नाराज दिसायचे नाहीत. उलट त्या दिवशी दोन घास जास्तच जेवायचे. मनासारखं मिळालं नाही की माणूस चिडतो. हे खूश का होतात?

खालच्या मजल्यावर घरमालकाची म्हातारी आई राहते. दुपारी ती अंगणात जुन्या पद्धतीची मातीची गुडगुडी ओढते. तिची तंबाखू बरणीतली नसते, सुकी पानंच असतात, हे मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं होतं. एवढ्या खटपटीनंतर ते मला आठवलं आणि स्वतःचाच राग आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! माझं मोडकंतोडकं अरबी आणि हातवारे यांच्यावर काम भागलं. किसेरू बघून म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि "खुदी, खुदी," म्हणजे घे घे म्हणत माझ्या ओंजळीत पानांची जुडी कोंबली.

पानं कडक, हात लावला की चुरा होणारी. मी त्यांच्यावर पाणी शिंपडून ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मऊ झाल्यावर एकावर एक रचून अळूवडीसारखी घट्ट वळी केली. आता ती केसासारखी चिरायची कशाने? सुरीने जाड तुकडे पडले. शेवटी मी मोरली, म्हणजे आमच्याकडची विळी, काढली. आईच्या मागे त्या घरातून मी एवढी एकच वस्तू आणली होती. जमिनीवर बसून पाट पायाखाली दाबला, वळी दोन्ही हातांनी पात्याला लावली आणि सरसर बारीक कीस पडायला लागला. सुरेख पडत होता. मी जोरात होते. बरीच चिरून झाल्यावर बोटं नाकाशी गेली आणि मी थांबले.

सकाळी त्याच मोरलीवर मी बांगडे साफ केले होते. लिंबू लावून धुतली होती, पण कोकणातल्या मोरलीचा वास असा लिंबाने जातो थोडाच! म्हातारीची सगळी पानं बांगड्याची झाली होती. मी ती फडक्यात भरून टाकून द्यायला उठले, तेवढ्यात आतून अब्बा बाहेर आले. दारातच थांबून त्यांनी हवा हुंगली.

"काय चिरलंस?"

"फुकट गेली, अब्बा. बांगड्याचा वास लागलाय. टाकतेय."

"थांब. हात लावू नको."

ते माझ्यासमोर जमिनीवरच बसले. चिमूटभर कीस घेतला, गोळी वळली, वाटीत ठेवली, काडी लावली. एक झुरका, दुसरा, तिसरा. राख झाडली. मी तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी दुसरी गोळी वळली.

"तुझी आई अशीच चिरायची," ते म्हणाले.

"आई? तंबाखू?"

माझा विश्वास बसेना. आईने जन्मभर त्या तंबाखूला शिव्या घातल्या. किसेरू दिसला की तिच्या कपाळाला आठी.

"लोकांसमोर शिव्या. तू शाळेत गेलीस, तिची सासू निजली, का चिरायला बसायची. बाजारातली साधी पानं. त्याच मोरलीवर, मासळी झाली का."

"आणि जपानची?"

"ती पहिल्याच पावसात संपली. मग सगळी तिचीच."

म्हणजे मी महिनाभर जपान शोधत होते आणि ती वस्तू माझ्या स्वयंपाकघरात होती. मला हसू येत होतं आणि रागही आला.

"मग मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? तेव्हाच चिरून दिली असती!"

अब्बांनी किसेरू फडक्याने पुसला.

"जपानची मिळाली नाय तर बोलता येतं, जपान लांब हाय. हिची मिळाली नाय तर काय बोलू?"

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघं तिच्याबद्दल बोललोच नव्हतो. मी टाळत होते आणि तेही टाळत होते, हे मला तेव्हा उमगलं. रडत रडतच मी उरलेली वळी परत पात्याला लावली, काही सुचत नव्हतं म्हणून. मोरलीला लागून कीस पडत राहिला. अब्बांनी त्यातली चिमूट उचलली, अंगठ्याने तळहातावर पसरली आणि चष्मा वर करून निरखून बघितली.

"त्या व्हिसाचं काय ता बघून घे," ते म्हणाले. "आणि उद्या जरा बारीक चीर. ही जाड पडलीय."