विहिरीवर आलेल्या नसरीन मॅडम

नसरीन मॅडम आज सकाळी गेल्या.

नववीत असताना त्यांचं पुस्तक वाचून मी विहिरीत उतरले होते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या असतील. दप्तरात लपवून.

मॅडम शहाद्याच्या. वडील टेलर. शाळेत मराठी शिकवायच्या आणि सुट्टीत आमच्या वयाच्या पोरापोरींसाठी लिहायच्या. त्यांच्या गोष्टीत सगळं अंधारं, ओलसर. पान उलटायला हात धजायचा नाही, आणि न उलटता राहवायचं पण नाही.

आमच्या वर्गात एकच कॉपी फिरत होती.

वैशालीने ती घरी पिठाच्या डब्यात ठेवली. घट्ट झाकण लावून.
एकीच्या आजीने पुस्तकावर लिंबू ठेवून परत पाठवलं.
सरांनी जप्त केलं, आणि दोन दिवसांनी हळूच विचारलं, "याचा दुसरा भाग आहे का गं कोणाकडे?"

सगळे घाबरायचे आणि सगळे हसायचे.

मला हसू आलं नाही.

त्या पुस्तकातल्या मुलीला विहिरीतून तिच्या मेलेल्या बहिणीचा आवाज येतो. ती एक एक पायरी खाली उतरत जाते.

माझी मोठी बहीण भारती आमच्या शेतातल्या विहिरीत गेली होती. आमच्या गावात, ब्राह्मणपुरीत, सगळ्यांना माहीत होतं. "पाय घसरला," एवढंच घरात सांगितलं. त्यानंतर चार वर्षं कोणी तिचं नावसुद्धा घेतलं नाही. फोटो पण नाही लावला.

गावात बायका कुजबुजायच्या. "घसरनी का उडी मारी, देव जाणे."

आदल्या दिवशी माझं आणि भारतीचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी तिला म्हटलं होतं, तू मर. मी दहा वर्षांची होते.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

पुस्तकाच्या मागे मॅडमच्या शाळेचा पत्ता होता. मी पत्र लिहिलं. अजून पाठ आहे.

"मॅडम, आमच्या विहिरीला पण पायऱ्या आहेत. मी सात उतरले, आवाज आला नाही. रविवारी दुपारी सगळ्या उतरणार आहे. तुमची वाचक, सोनल."

खाली पूर्ण पत्ता. मराठीच्या पेपरात लिहितात तसा.

खरं सांगते, मला मरायचं नव्हतं. मला फक्त भारतीला विचारायचं होतं.

रविवारी ऊन डोक्यावर होतं. शेतात कोणी नाही. मी चप्पल वर काढून ठेवली.

सातव्या पायरीच्या खाली दगडांना शेवाळ होतं. हाताला धरायला काही नाही. पाणी काळं, आणि इतकं शांत की मला माझाच श्वास ऐकू येत होता. नवव्या पायरीवर मी अडकले. खाली जाता येईना, वर पण येता येईना.

तेवढ्यात आवाज आला.

"भारती!"

चार वर्षांनी ते नाव ऐकलं. विहिरीत ऐकलं.

पुन्हा, "भारती! वर ये व माय, वर ये!"

मग कळलं, आवाज वरून येतोय.

काठावर आई होती. घाबरून ती माझ्याऐवजी भारतीला हाका मारत होती. आणि तिचा दंड घट्ट पकडून एक बाई उभी होती. डोक्यावरची ओढणी खांद्यावर घसरलेली.

पत्र शनिवारी मॅडमच्या हातात पडलं होतं, शाळा सुटल्यावर. रविवारी पहिल्या एसटीने निघाल्या, ती वाटेत बंद पडली. पुढे मिळेल त्या गाडीने आल्या. गावात घर विचारत विचारत आईपर्यंत पोचल्या आणि पत्र तिच्या हातात दिलं.

"ताई, तुम्ही इथेच थांबा," त्या आईला म्हणाल्या. "दोघी घसरलात तर मी काय करू?"

मग स्वतः उतरायला लागल्या. बसून. एक एक पायरी, लहान बाळ उतरतं तशी.

जवळ आल्यावर दिसलं, त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सोनल, माझ्याकडे बघ. खाली नको बघू. मला पण बघवत नाही."

"मॅडम, तुम्हाला भीती वाटते?"

"खूप. हात दे पटकन."

त्यांचा हात बर्फासारखा होता.

वर आल्यावर आईने मला आधी एक कानाखाली दिली आणि मग छातीशी धरलं.

मी सगळं सांगून टाकलं. भांडण, मी बोललेलं, सगळं. "मन्हामुये गई ना ती?"

आई मातीतच बसली.

"नई व बेटा. मोटर पाणी उचले नई. मी सयपाकमा व्हती. मीच तिले धाडी, जाय, देखी ये. मीच धाडी."

चार वर्षं आम्ही दोघी एकाच घरात, एकाच भीतीने, वेगवेगळ्या गप्प होतो.

मॅडम बाजूला बसून रडत होत्या. मला वाटलं आमच्यासाठी रडतायत. खूप नंतर त्यांनी सांगितलं, "तुझं पत्र मी सोमवारी उघडलं असतं तर, हेच डोक्यात होतं गं."

पुढे दोन वर्षं त्यांनी काही लिहिलं नाही. मग परत लिहायला लागल्या, तितकंच भीतीदायक. पण वाचकाचं प्रत्येक पत्र आलं त्याच दिवशी उघडायच्या. प्रत्येक मेसेजला उत्तर. आजारपणात, केमो चालू असतानासुद्धा.

आज मी आणि आई शहाद्याला जाऊन आलो. आई आत बायकांमध्ये बसली. मॅडमच्या बहिणीचा हात धरून.

येताना एसटीत आई म्हणाली, "ते पुस्तक शे का तुन्हाजोडे?"

इतकी वर्षं तिने ते पुस्तक घरात येऊ दिलं नव्हतं.

मोबाईलमध्ये होतं. मी हळू आवाजात वाचायला लागले. पायऱ्यांपाशी आले तेव्हा आईने माझं मनगट इतकं दाबलं की दुखलं. तिचे डोळे मिटलेले होते.

"पुढे वाचू का?"

"थांब. आधी सांग. ती पोर वर येस का?"

"येस, आई."

"मंग वाच."

भरल्या डोळ्यांनी निरोप, मॅडम.