भिंतीवरची आई

मोक स्युत-हान पहिल्यांदा मेली तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. मालिकेतल्या नायकाची स्वर्गवासी बायको म्हणून तिचा नुसता फोटो हवा होता. हाँगकाँगच्या त्या टीव्ही स्टुडिओत सामानखातं माझ्याकडे होतं, त्यामुळे असे फोटो काढून घेणं, चौकटीत घालणं, पुढे उदबत्त्या खोचणं हे सगळं माझ्याच गळ्यात. मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "हस. पण जरा बेतानं." ती अशी काही हसली, की ही बाई आपलीच कुणी होती आणि आपल्या हातून गेली, असं मला उगाचच वाटलं.

तिथेच तिचं नशीब ठरलं. मेलेली आई, मेलेली थोरली बहीण, मेलेली पहिली बायको. कुठल्याही मालिकेत भिंतीवर कुणी लटकायचं असलं, की बोलवा आ-हानला; सगळे तिला असंच हाक मारायचे. सोळा वर्षं हेच. तोंडी वाक्य एक नाही.

जिवंत माणसाचा असा फोटो लावणं म्हणजे अभद्रच. म्हणून आमच्यात रीत होती. फोटोच्या पाठीला लाल कागद चिकटवायचा, काम संपलं की त्या माणसाच्या हातात लाल पाकीट द्यायचं, आणि त्याच्यादेखत फोटो फाडून निगेटिव्हसकट जाळायचा. बाकीच्या स्टुडिओंत यात टंगळमंगळ चालायची. मी नाही. एखादा तुकडा राहिला असेल अशी शंका जरी आली, तरी मला घास उतरत नसे.

तिला मात्र त्याचं काहीच वाटायचं नाही. "फान-जे," ती मला ताई म्हणायची, "आज कशानं गेले मी?"

"क्षयानं."

"परवापण क्षयच होता. कधीतरी पोटभर भात खाऊन मारा की मला."

"जिभेला हाड आहे का तुझ्या? थूक आधी!" मी ओरडायची. ती हसत लाल पाकीट पिशवीत टाकायची आणि नॉर्थ पॉइंटची ट्राम पकडायची.

तिचं कुणी नव्हतं. जपानी शहरात शिरले त्या हिवाळ्यात नन्सच्या अनाथाश्रमाच्या पायरीवर कुणीतरी तिला ठेवून गेलं होतं. मोक हे आडनावसुद्धा तिथल्या स्वयंपाकिणीचं, उसनं. आश्रमातल्या नाटकात तिला झाडाचं काम द्यायचे, कारण ती हलायची नाही. "नटी व्हायचं माझ्या डोक्यात कधी आलं माहितीय?" ती एकदा म्हणाली होती. "बाकीच्या मुली म्हणायच्या, माझं नाक आईसारखं, माझी हनुवटी बाबांसारखी. मला वाटायचं, माझा चेहरा कुणाचा ते मला ठाऊक नाही, तर निदान तो सगळ्यांना दिसू तरी दे. ओळखेल कुणीतरी."

आणि चौऱ्याऐंशी साली तिला जिवंत आईचं काम मिळालं. नायकाची आई, बाजारात मासे विकणारी. वीस भाग. पानंच्या पानं वाक्यं! आ-हान महिनाभर पहाटे खऱ्या मासेवालीकडे जाऊन बसली, बोटं कापून घेतली, अंगाचा वास जाईना तरी खूश. कँटीनमध्ये दुधाचा चहा गार व्हायचा आणि ही भिंतीकडे तोंड करून भावाची घासाघीस करत बसायची. मला म्हणाली, "फान-जे, या वेळी तुमचं माझ्याकडे काही काम नाही." मलाही बरं वाटलं.

दोन भाग दाखवले गेले आणि फोन सुरू झाले. म्हाताऱ्या बायका तक्रार करत होत्या. ती मेलेली बाई चालतेय-बोलतेय, जेवताना बघवत नाही, पोरं घाबरतात. नायकाचं काम करणारा केई तर अडूनच बसला. "त्या तोंडाकडे बघून मी 'आई' म्हणणार नाही. माझी खरी आई घरी धडधाकट आहे. तिला काही झालं तर?"

निर्माते युंग वाईट माणूस नव्हते, पण त्यांनाही जाहिरातवाल्यांना तोंड द्यायचं होतं. तिसऱ्या दिवशी ते माझ्या खोलीत आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाचव्या भागात मारतोय. फोटो लागेल."

मी तिला खुर्चीत बसवलं. या वेळी मेकपवाल्यानं तिला साठीची केली होती, केस पिकवले होते, डोळ्यांखाली सुरकुत्या. मी काही बोलायच्या आत ती बरोबर हवं तेवढं हसली. मला रडू येत होतं, म्हणून मी लाइटवाल्यावर खेकसले.

चित्रण संपल्यावर मी पाकीट पुढे केलं. तिनं घेतलं नाही.

"फान-जे, हा फाडू नका. मला द्या."

"कशाला?"

"घरी लावायला. छिंग मिंगला सगळे पितरांना पुजतात, माझ्याकडे पुजायला चेहरा नाही. आज आरशात बघितलं आणि वाटलं, हीच. ती असती तर साठ-पासष्टचीच असती ना? माझा चेहरा कुणाकडून तरी आलाच असेल."

"वेड लागलंय का तुला? स्वतःच्या फोटोला उदबत्ती लावणार? वर्षाच्या आत जाशील!"

"तो माझा नाही, तिचा आहे."

"तुझाच आहे! आ-हान, वाटेल ते माग, हे नको."

"दुसरं काय मागू?" ती म्हणाली. "एवढंच द्या."

मी फोटो फाडला. तिच्यासमोर, घाईघाईनं, आधी चेहऱ्यावरूनच, म्हणजे तिला परत हात पसरायला नको. तुकडे निगेटिव्हसकट डब्यात टाकून पेटवले. ती शेवटपर्यंत बघत उभी राहिली. भांडली नाही. पाकीट टेबलावर ठेवून गेली, आणि त्यानंतर स्टुडिओत आली नाही. पुढे ती एका शाळेच्या भटारखान्यात भात शिजवायची. मी दोनदा भेटायला गेले. चांगलं बोलली, चहा दिला, पण बाहेर, चहाच्या टपरीवर. घरी नेलं नाही. तरी मी मनाशी म्हणायची, असू दे, रागावलीय तर रागावू दे, जिवंत आहे ना!

नऊ वर्षांनी ती हृदयविकारानं गेली. अंत्यविधीवाल्याचा मलाच फोन आला; तिच्या वहीत दुसरा नंबर नव्हता. तो म्हणाला, "शवपेटीपुढे लावायला ओळखपत्रावरचा फोटो मोठा केला तर नुसता डाग दिसतोय. खोलीत एखादा चांगला असेल तर बघा."

मी सगळं शोधलं. कपाट, पत्र्याची पेटी, गादीखाली. एकही नव्हता. म्हणजे नटी असून त्या बाईनं कधी कुठे हौसेनं फोटो काढवून घेतला नव्हता. मग माझी नजर पलंगावरच्या फळीकडे गेली. तिथे काळी चौकट होती. आत काहीच नव्हतं, कोरा पुठ्ठा. पुढच्या वाटीत उदबत्तीची राख काठापर्यंत भरली होती.

मी पलंगावर बसले. नऊ वर्षं मी समजत होते, मी तिचा जीव वाचवला. मी तिच्या आईचे तुकडे केले होते.

खालून अंत्यविधीवाल्यानं हाक मारली, "सापडला का फोटो? तुम्ही स्टुडिओत होता ना, तुमच्याकडे तर ढिगानं असतील तिचे!"

"होते," मी म्हटलं. "सगळे मीच फाडले."