पांढऱ्या हातमोज्यांचं स्टेशन

मंडळी, आज सकाळी इथे कुवेतच्या ऑफिसात कळलं की जपानला पुन्हा ट्रेनिंगसाठी मला पाठवणार नाहीत. दुसरं कोणीतरी जाईल. मी ‘ठीक आहे’ म्हटलं आणि पंपांच्या तपासणीला गेले.

एक व्हॉल्व्ह बंद केला, त्याच्याकडे बोट दाखवलं आणि मोठ्याने म्हटलं, "बंद."

मागे आमचे रत्नागिरीचे फिटर दिलावरचाचा उभे होते. "काय गं, त्या व्हॉल्व्हला दम देतेस काय?"

एरवी मी सांगितलं नसतं, पण आज सांगितलं: ही सवय जपानची. गेल्या वर्षी मी तिथे एका उपनगरात राहायचे. छोटं स्टेशन, दोनच फलाट, कुंपणापलीकडे कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. गाडी सुटताना पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवायचा आणि सगळं ठीक असल्याचं मोठ्याने म्हणायचा. त्यात रोज माझी खिडकीही असायची. आम्ही एकमेकांशी कधी एक शब्द बोललो नाही.

"कुवेतात रेल्वेच नाय, नि तू स्टेशन घेऊन फिरतेस!" चाचा हसले. मग हळूच म्हणाले, "परत जायचंय तुला?"

"नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी आम्हाला घरी, खैतानला नेणारी कंपनीची बस सुटली. चाचांची पाळी अजून संपली नव्हती. ते फाटकाशी आले, पहिल्या खिडकीपासून शेवटच्या खिडकीपर्यंत बोट नेलं आणि ओरडले, "सगळं ठीक!"

बसमधले सगळे हसले. मी खैतान येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

सोडून आलेल्या जागेची कुठली सवय तुमच्या हातात अजून आहे?