आईचं दहिवर

वैशाली, अशी जवळ सरक आणि ऐक. इतक्या लांबून कान धरता येत नाही तुझा, म्हणून लिहिते आहे.

आज सकाळी अंगणातल्या गवतावर दहिवर पडलं होतं. इतके बारीक, पांढुरके थेंब, की पाय टाकायचं जिवावर आलं. माझी आई म्हणायची, कुणीतरी हलक्या हाताने दही शिंपडून जातं, म्हणून ते दहिवर. कोशात काही वेगळंही असेल. मला हेच गोड वाटतं, म्हणून तर तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुला सांगितलं होतं.

मग फोनवर आपला जुन्या शब्दांचा ग्रुप उघडला. तिथे तुझं दहिवर होतं, दह्यासकट. शब्द ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं नाव खाली लिहायचं, ही आपली रीत. तू लिहिलंस, 'माझी आजी'. एकीने म्हटलं, "अशी आजी भाग्याने मिळते." त्यावर तू हात जोडलेस.

शब्द कुणाच्या मालकीचा नसतो, कळतं मला. दहिवर साऱ्या मुलखाचं. पण ते दही माझ्या आईचं होतं गं, तुझ्या आजीचं नव्हे. सरूबाई तिचं नाव. तिला अक्षर येत नव्हतं, आणि तिचं नाव कधी कुठे लिहून आलं नाही. त्या एका ओळीत यावं, म्हणून हा शब्द मीच ग्रुपवर टाकणार होते; सोबत लावायला आठवडाभर तिचा फोटो शोधत होते.

ग्रुपवर मी बोलणार नाही. ती ओळ तूच बदल. आणि लवकर ये माझ्या घरी. तुझ्या आजीने तुला खरंच काय सांगितलं होतं, ते मला ऐकायचंय.